सोयाबीननंतर रेताड वावरात हिवाळी आच्छादन पीक: मातीतल्या जिवांना खरंच फायदा होतो का?

कन्हानकाठ (मौदा)

नमस्कार मंडळी. कन्हान नदीच्या काठाला साडेतीन एकर वावर आहे. वरची दीड-दोन फूट रेताड पोयट्याची, खाली निव्वळ रेती. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.२८ टक्के, सामू (pH) ७.१. खरिपात सोयाबीन असतं, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघतं. त्यानंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला मल्चिंग आणि ड्रिपवर टरबूज लागतं. मधले जवळपास चार महिने वावर उघडं राहतं.

अडचण अशी की कितीही शेणखत टाकलं तरी दिवाळीपर्यंत ते दिसतसुद्धा नाही. खोदल्यावर गांडूळ सापडत नाही. टरबुजाच्या काही तासांमध्ये (ओळींमध्ये) मुळांवर गाठी आहेत, तिथले वेल दुपारी मान टाकतात.

या चार महिन्यांत आच्छादन पीक (विकायला नाही, माती झाकायला आणि सुधारायला घेतलेलं) घ्यायचा विचार आहे. बरसीम, लाखोळी (लाख), मोहरी, ताग अशी नावं सुचवली जातात. यातलं रेताडीत काय चालेल? आणि मातीतल्या जिवाणू-बुरशीला त्याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं हिरवं दिसतं? विहिरीवर ५ अश्वशक्तीचा पंप आहे, तुषार संच आहे. पाणी फेब्रुवारीसाठी राखावं लागतं, म्हणून पाण्याचा हिशेबही हवा आहे.

मातीवाचक

भाऊ, शेणखत विरतं यात तुमच्या खताचा दोष नाही. कन्हार (काळ्या, भारी) जमिनीत चिकणमातीच्या बारीक पापुद्र्यांत सेंद्रिय पदार्थ दडून बसतो, जिवाणूंना तो चटकन सापडत नाही. रेतीत दडायला जागाच नाही. हवा भरपूर खेळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ओल आणि उष्णता दोन्ही असतात. जिवाणू भराभर खातात, वाढतात, आणि खाणं संपलं की मरतात. म्हणून रेताडीत एकदाच भरपूर खत टाकण्यापेक्षा थोडं थोडं खाणं सतत मिळणं महत्त्वाचं. असं खाणं रोज देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जिवंत मूळ. मूळ वाढताना साखर, आम्लं आणि चिकट स्राव मातीत सोडत असतं. रेतीतली बहुतेक जीवसृष्टी त्या मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच नांदते.

सोयाबीन सोंगलं की तो रोजचा शिधा बंद पडतो. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडीने जगणारी बुरशी, तर जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. तिचे बीजाणू टिकतात, पण मातीतलं धाग्यांचं जाळं चार महिन्यांत तुटत जातं, आणि फेब्रुवारीत टरबुजाच्या कोवळ्या मुळांना स्फुरद आणून द्यायला ते हाताशी राहत नाही. आच्छादन पिकाचा तुमच्या जमिनीत पहिला उपयोग हा. किती टन हिरवं गाडलं यापेक्षा ऑक्टोबर ते जानेवारी किती दिवस जिवंत मूळ जमिनीत होतं, हे मोजा.

टनांचा हिशेबही मांडतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. चांगलं पीक आलं तर एका चौरस मीटरला २ किलो हिरवा पाला मिळतो, म्हणजे एकरी ८ टन. वाळवून तो सव्वा टन भरतो आणि त्यात कर्ब साधारण ५४० किलो. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटर थर सुमारे ९ लाख किलोचा. हा सगळा कर्ब मातीतच राहिला असं धरलं तरी अहवालातला आकडा ०.०६ नेच वाढेल, आणि प्रत्यक्षात त्यातला बराचसा वर्षभरात हवेत जातो. तेव्हा पहिल्या वर्षी ०.२८ चे ०.५० झाले नाहीत म्हणून कृपा करून हे सोडू नका. जिवांत फरक आधी पडतो, कर्बाचा आकडा फार मागून येतो.

आता पिकं. बरसीम रेताडीत विसरा, त्याला सारखं ओलित लागतं. ताग ऑक्टोबरात पेरला तर दिवस लहान होत गेल्याने गुडघाभर उंचीवरच फुलावर येतो, थंडीत वाढत नाही. तागाचा काळ जून-जुलै, फार तर ऑगस्ट. मोहरी वाढते छान, पण तिच्या कुळाच्या मुळांवर मायकोरायझा बसतच नाही. निव्वळ मोहरी घेतली तर त्या बुरशीच्या दृष्टीने वावर पडीकच राहिलं. मिश्रणात एकरी अर्धा किलोपर्यंत चालेल.

तुमच्याकडे मी ओट, लाखोळी आणि जवस असं मिश्रण घेईन. ओट (केंट वाण) एकरी २० किलो, लाखोळी १० किलो, जवस ३ किलो. ओटाची तंतुमुळं रेतीला धरून ठेवतात, लाखोळी नत्र आणते, जवसाच्या मुळांवर मायकोरायझा भरपूर बसते. लाखोळीचं बी रतन, प्रतीक किंवा महातिवडा या कमी विषारी घटकाच्या वाणांचं घ्या, कारण थोडंफार तरी कुणाच्या तरी खाण्यात जातंच.

पेरणी सोयाबीन सोंगल्यापासून तीन-चार दिवसांत व्हायला हवी. रेताडीत वरची दोन इंच ओल आठवडाभरात जाते. नांगरू नका, वखराची एक हलकी पाळी पुरे. ओट आणि लाखोळी तिफणीने ४-५ सेंटीमीटर खोल. जवस त्यात मिसळू नका: बी बारीक आणि गुळगुळीत असल्याने चाड्यात (तिफणीच्या बी टाकायच्या वाटीत) तळाशी बसतं आणि पहिल्या चार ओळींतच संपतं. ते वेगळं फोकून वरून काटेरी फांदी ओढा. लाखोळीला वाटाणा-मसूर गटाचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र आणणारे जिवाणू) लावा, सोयाबीनचं पाकीट तिला लागू पडत नाही. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड केलेलं, ३००-४०० मिली. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर रायझोबियम चोळलं तर त्यातले बरेच जिवाणू मरतात. पेरताना एकरी ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्या, त्याहून जास्त नको. स्फुरद फार झाला की झाड मायकोरायझाला थारा देत नाही.

पाण्याचं सरळ सांगतो. तुमच्या दीड-दोन फुटांत पिकाला मिळण्याजोगी ओल ४०-५० मिलिमीटरच्या घरात मावते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पीक रोज अडीच-तीन मिलिमीटर ओढतं. म्हणून एका वेळी २०-२५ मिलिमीटर, दर ८-१० दिवसांनी. एका वेळी ५० मिलिमीटर दिलं तर निम्मं खालच्या रेतीत जाईल, जाताना नत्रही नेईल. २५ मिलिमीटर म्हणजे एकरी १ लाख लिटर. तीन महिन्यांत सात-आठ पाळ्या धरा, म्हणजे एकरी ७-८ लाख लिटर. साडेतीन एकराला विहीर पुरत नसेल तर एका एकरात नीट करा आणि बाकीच्या वावरात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) न जाळता, न विकता पसरून ठेवा. अर्धवट पाण्यावर साडेतीन एकर सुकवण्यात काही हशील नाही.

पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी खुरप्याने ओटाचं एक झाड मुळासकट हलक्या हाताने उचला आणि झटका. रेती गळून पडणार नाही. प्रत्येक मुळाला रेतीचा मोजा चढवल्यासारखा दिसेल, फक्त टोकाचा पांढरा सेंटीमीटरभर भाग उघडा. मुळाचे केस, त्याचा स्राव आणि जिवाणूंचा डिंक मिळून ते कण धरून ठेवतात. रेतीत ओल आणि जीव जिथे टिकून राहतात ती जागा हीच. सोयाबीनची मुळं उपटली की उघडी निघतात, ती आठवून पाहा.

गाठीमुळे (कामठी)

वरच्या सल्ल्यातला एक भाग तुमच्या वावराला जसाच्या तसा लावू नका. टरबुजाच्या मुळांवरच्या गाठी म्हणजे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) असायची दाट शक्यता आहे, आणि ही सूत्रकृमी सगळ्यात जास्त रेताड जमिनीतच माजते. कणांमधल्या पोकळ्या मोठ्या असल्याने तिला हालचालीला मोकळं रान मिळतं. द्विदल पिकं तिला आवडतात. गाठींच्या तासांमध्ये लाखोळी पेरली तर चार महिने तिला पोसून नेमकी टरबुजाच्या वेळी वाढवून ठेवल्यासारखं होईल.

आधी ओळख पटवा. द्विदलाच्या मुळावरची नत्राची गाठ बाजूला चिकटलेली असते, अंगठ्याने चोळली की सुटून येते, कापली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती सुटत नाही, ओढली तर मूळच तुटतं. टरबुजाला नत्राच्या गाठी येतच नाहीत, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. पण सोयाबीनच्या मुळांवर आत्ताच बघा, दोन्ही प्रकार एकाच मुळावर दिसू शकतात.

वावराचा कोणता भाग बाधित आहे ते कुंडीत कळतं. बाधित वाटणाऱ्या भागातून १०-१२ जागांची, ४ ते १० इंच खोलीची ओलसर माती घ्या, नीट मिसळा आणि तीन-चार कुंड्यांत भरा. चांगल्या भागाच्या तीन कुंड्या वेगळ्या ठेवा. माती पिशवीत उन्हात ठेवाल तर अळ्या मरतील आणि निकाल खोटा येईल. प्रत्येक कुंडीत काकडीची किंवा साध्या टोमॅटोची दोन रोपं लावा. ३५-४० दिवसांनी कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून माती सोडवा आणि मुळं पाहा. मुळं ओढून काढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. ही चाचणी सप्टेंबरच्या सुरुवातीला लावली तर पेरणीपर्यंत उत्तर हातात येतं.

बाधित पट्ट्यात निव्वळ ओट घ्या, एकरी ३५-४० किलो. ओटावर ही सूत्रकृमी अजिबात वाढत नाही असं नाही, पण द्विदलाच्या मानाने फार कमी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड मातीत तिची चालही मंदावते. ज्या तासांत वेल मरतात तिथे झेंडू लावा, फूटभर अंतरावर दाट, निदान ८०-९० दिवस. धुऱ्यावर (बांधावर) एक ओळ लावून काही होत नाही, झेंडूचा परिणाम त्याच्या मुळांपुरताच असतो. मधे तण वाढलं तर सूत्रकृमी तणाच्या मुळांवर जगते, म्हणून पहिला महिना निंदण चुकवू नका.

मोहरी गाडली की सूत्रकृमी मरते असं ऐकायला मिळतं. उभी मोहरी तिला पोसूही शकते. फायदा होतो तो फुलावर आलेली मोहरी बारीक चिरून तासाभराच्या आत ओल्या मातीत गाडली तरच. सकाळी कापून संध्याकाळी रोटाव्हेटर मारला तर उपयोगी वायू तोपर्यंत उडून गेलेला असतो. आणि तो वायू चांगल्या बुरशीलाही सोडत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. सगळ्या सूत्रकृमी शत्रू नाहीत. रेतीत जिवाणू खाणाऱ्या सूत्रकृमी भरपूर असतात. जिवाणूंच्या अंगातलं जास्तीचं नत्र त्या बाहेर टाकतात आणि ते थेट पिकाला मिळतं. आच्छादन पिकाने यांचीच संख्या वाढते. सरसकट सूत्रकृमीनाशक सोडलं की हा कारखानाही बंद पडतो.

उतेरा_भंडारा

पाणी नसलेल्या भागासाठी एक वाट आहे. आमच्याकडे धानाच्या बांध्यात कापणीच्या आधी लाखोळी फोकतात, तसंच सोयाबीनमध्ये करता येतं. पानं पिवळी पडू लागली की कुळीथ एकरी १२ किलो उभ्या पिकात फोकायचा. पानगळ त्याच्यावर पडते आणि आपोआप आच्छादन होतं. कुळीथ हलक्या, बरड जमिनीचं पीक आहे. उरल्या ओलीवर डिसेंबरच्या मध्यापर्यंत तग धरतो.

धानाच्या बांधीत ओल टिकते, रेताडीत टिकत नाही, इथे बरेचजण फसतात. २० सप्टेंबरच्या आत फोका, पावसाची एखादी सर मिळेल अशा बेताने. त्यानंतर कोरड्या रेतीवर पडलेलं बी मुंग्या आणि होले वेचून नेतात. बी रात्रभर भिजवून सकाळी सावलीत फडफडीत करा. हार्वेस्टरने सोंगणी करणार असाल तर हे करू नका, चाकांखाली निम्मी रोपं जातात. आणि गाठीमुळे यांनी सांगितलेल्या बाधित भागात कुळीथही नको, तोही द्विदलच.

दुसरं, डिसेंबरात आजूबाजूला सगळं पिवळं आणि तुमचं एकट्याचं वावर हिरवंगार असलं की रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तिथेच येणार. ओट रोह्याने वरून खाल्ला तर फुटवे येतात, फार नुकसान नाही. डुकरं मात्र मुळं उकरतात. नदीकाठाच्या बाजूने तरी झटका मशीनची तार लावा.

तणनोंद

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर असलेलं तणनाशक फवारलं होतं का? त्याचा अंश राहिला तर ओट आणि मोहरी दोन्ही खुरटतात: नवी पानं पिवळी, मुळं आखूड, ब्रशासारखी. चांगल्या पावसाच्या वर्षी, वेळेत फवारलं असेल तर सहसा अडत नाही. पाऊस कमी झाला किंवा दुबार फवारणी झाली तर अडतं. वावरातली माती एका डब्यात, न फवारलेल्या धुऱ्याची दुसऱ्यात, दोन्हीत मोहरीचे २०-२० दाणे. दहा दिवसांत फरक समोर येतो. बियाण्याचा खर्च करण्याआधी एवढं करा.

कन्हानकाठ (मौदा)

सर्वांचे आभार. फवारणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदाच झाली आहे, तरी डब्यात बघतो. पाण्याचा हिशेब पाहता एक एकर मिश्रण, बाधित अर्ध्या एकरात निव्वळ ओट आणि मधल्या तासांत झेंडू, बाकीच्यात कुटार असं ठरवतोय. तीन शंका उरतात. पीक कधी आणि कसं संपवायचं, कारण ओटाच्या खुंटांनी मल्चिंग फाटण्याची भीती आहे. फरक पडला हे घरच्या घरी कसं मोजायचं? आणि गांडुळं विकत आणून सोडावीत का?

मातीवाचक

गाठीमुळे यांची दुरुस्ती बरोबर आहे, बाधित भागाबद्दल तेच माना.

गांडुळं विकत आणू नका. गांडूळ खताची लाल जात शेणात आणि कचऱ्यात जगते, रेतीत ती उपाशी मरते. शेतातली गांडुळं वेगळी. खाणं आणि सावली मिळाली की धुऱ्याकडून, झाडाखालून आपणहून येतात, पण रेतीत ती सगळ्यात शेवटी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहा.

मोजायला सोपा प्रकार म्हणजे मांजरपाटाच्या पट्ट्या. ब्लीच न केलेलं, रंग नसलेलं सुती कापड, ४ बाय ६ इंचाचे तुकडे. पिकात पाच, उघड्या जागी पाच, तीन इंच खोल उभे पुरा आणि जागेला खुंटी ठोका. चाळीस दिवसांनी काढून हलकेच धुवा. जिथे जीव जास्त तिथे कापड जाळीसारखं झालेलं असेल, हाताने टरकन फाटेल. इथे एक चूक हमखास होते: पिकाला पाणी दिलेलं आणि उघडा भाग कोरडा. मग तुम्ही जीव मोजत नाही, ओल मोजता. म्हणून तुषारच्या कक्षेतच दहा बाय दहा फुटांचा एक चौकोन न पेरता ठेवा. उधई (वाळवी) लागली असेल तर कापडाला सरळ कडांची भोकं पडतात, तो तुकडा हिशेबात धरू नका.

आता संपवणं. ओट पोटरीत असताना कापला तर परत फुटतो, दाणा भरल्यावर कापला तर बी सांडून टरबुजात तण होतं. लोंबी बाहेर पडून फुलली आहे आणि दाणा चिमटला की पांढरं दूध निघतं, हा कापायचा काळ. ८ ऑक्टोबरची पेरणी असेल तर हा काळ जानेवारीच्या सुरुवातीला येतो. टरबुजाच्या निदान तीन आठवडे आधी कापणी झालीच पाहिजे. ब्रश कटरने जमिनीलगत कापा. वर खुंट सोडलात तर तेच मल्चिंगमधून वर येतात.

सगळ्या वावरात रोटाव्हेटर फिरवू नका. चार महिन्यांत विणलेलं बुरशीचं जाळं एका फेरीत तुटतं, आणि हवा मिळाली की रेतीत कर्ब झपाट्याने उडतो. सहा फुटांवर बेड धरले तर फक्त बेडच्या अडीच फुटी पट्ट्यात दोन-तीन इंच खोल फिरवा. त्या पट्ट्यातला लांब पाला आधी दाताळ्याने मधल्या मोकळ्या भागात ओढा, तिथे तो आच्छादन म्हणून राहील आणि वेलीची फळं त्यावर टेकतील. मल्चिंग आडव्या पडलेल्या, सुकलेल्या काड्यांनीही फाटतं. बेडवर हात फिरवून टोचणारं काही राहिलं नाही ना ते पाहा.

फुललेल्या ओटाच्या काडीत कर्ब जास्त आणि नत्र कमी. ती कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि टरबुजाची रोपं पहिले वीस दिवस पिवळी राहतात. बेड करताना एकरी २०-२५ किलो युरिया पट्ट्यात मिसळा, निम्मा तेव्हा आणि निम्मा लागवडीनंतर दहा-बारा दिवसांनी ड्रिपमधून. लाखोळी चांगली आली असेल तर पहिला हप्ता पुरतो.

गाठीमुळे (कामठी)

बेड बंद करण्यापूर्वीची एक खबरदारी राहिली. अर्धवट कुजलेला हिरवा पाला, वरून मल्चिंगची ऊब आणि ड्रिपची ओल, हे मर रोग आणि बुंधा कुजवणारी पांढरी बुरशी या दोघांना हवं तसं घर आहे. मोहरीसारखे दाणे बुंध्याजवळ दिसले तर ती हीच बुरशी. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) २ किलो, चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात मिसळून, ओलसर करून, सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा आणि तेच बेडमध्ये टाका. कोरड्या रेतीवर नुसती भुकटी टाकली तर ती उन्हाने वाया जाते.

मल्चिंग अंथरायच्या आदल्या दिवशी बेडमधली चार इंच खोलीची मूठभर माती नाकाशी धरा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर अंथरा. आंबूस किंवा ओल्या चाऱ्यासारखा आला, किंवा काडी बोटांनी दाबल्यावर अजून हिरवी आणि चिवट लागली, तर एकदा हलकं पाणी द्या आणि आणखी आठवडाभर थांबा. लागवड १० फेब्रुवारीला गेली तरी चालेल.